अधिक निरीक्षणे आवश्यक

५ सप्टेंबर १९५४
सोव्हिएत राज्याकडून आज माझ्यावर अन्याय झाला आणि तो नोंदवून ठेवणं माझं कर्तव्य आहे. माझी एकुलती एक धड पँट बसायच्या जागी उसवली आहे. छावणीचा शिंपी यूदिन म्हणतो, "महिन्याने या. सध्या डुकरांचे कोट चालू आहेत." म्हटलं, बाबा, त्या डुकरांचा डॉक्टर मीच. तर म्हणतो, "मग तुम्हाला तर समजायलाच हवं."

सैनिकी कापडाचे कोट. अस्तरासकट! डुकराची कातडी आपल्यासारखी, म्हणून अणुस्फोटात कुठलं कापड किती जळतं ते त्यांच्या अंगावर बघायचं. तोवर मी भिंतीला पाठ लावून चालतो.

रोजनिशी ठेवायला इथे बंदी आहे. वहीवर 'पशुखाद्य' लिहिलंय. तो विषय आजवर कुणी उघडून वाचलेला नाही.

१४ सप्टेंबर
चाचणी पुढे ढकलली. वारा. डुकरं मात्र वाट बघत नाहीत, वाढतात. कोट पोटावर बसेनात. यूदिनने सगळे उसवायला घेतले. पँट तशीच.

२० सप्टेंबर
टेकड्यांखालच्या कझाक वस्तीवर गेलो, चाचणीसाठी मेंढ्या निवडायला. सेर्गाझी तिथला मुख्य मेंढपाळ. सरकारी कळप सांभाळतो. मागे त्याच्या घोडीचा खूर मी बरा केला, तेव्हापासून माझी थट्टा करायचा हक्क त्याने स्वतःकडे घेतला आहे.

"डॉक्टर, डुकरांना कोट शिवता म्हणे. नोकरीही देणार का?"
"दिली."
"आणि पगार?"
"एकदाच मिळतो."

तो पोट धरून हसला. मला जरा उशिरा कळलं की मी विनोद केला नव्हता.

मेंढ्यांच्या गळ्यात पत्र्याच्या डब्या बांधल्या. आत फिल्म असते. ती जितकी काळी पडेल तितके किरण अंगावर आले. एका मेंढीचा कान चोळत सेर्गाझी म्हणाला, "ही लबाड आहे. हिची गाठ दोनदा मारा."

२ ऑक्टोबर
छावणीप्रमुख कर्नल दुदारेवने बोलावलं. स्फोटाच्या दिवशी वारा सेर्गाझीच्या वस्तीवरून जाणार. बायकामुलांना ट्रकने शहरात हलवायचं, आठ पुरुष मागे ठेवायचे — 'कळप सांभाळायला'. इथवर मी मान डोलावत होतो. मग त्याने टेबलावर आठ डब्या मांडल्या. मेंढ्यांच्याच.

"तुम्ही बांधा, व्हेन्यामिन इलिच. तुमचं ऐकतात ते."
"माणसांना कशाला?"

दुदारेव दुष्ट नाही. त्याने मला एक नासपती कापून दिली आणि माझाच गेल्या वर्षीचा अहवाल उघडून शेवटची ओळ वाचली. 'डुकरांवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे. माणसांबाबत अधिक निरीक्षणे आवश्यक.'

"तुम्हीच मागितलंत. मॉस्कोत मंजूर झालं. याआधी तुमची एखादी तरी मागणी मंजूर झाली होती?"

नव्हती. तीन वर्षं मी सुका पेंढा मागतोय.

ती ओळ सगळेच लिहितात. आमच्या प्राध्यापकांनी शिकवली होती, अहवाल तिच्यावरच संपवायचा. जेवण झाल्यावर तोंड पुसावं तशी लिहायची. ती कुणी वाचेल असं कोणाच्या मनात येतं?

३ ऑक्टोबर
ओळ मागे घेतो असं लेखी दिलं. दुदारेव म्हणाला, "विज्ञानात असं चालतं?" मग कळपही हलवा, म्हटलं. "आणि निरीक्षण कोणाचं करायचं?"

प्रयोगशाळेत क्लाव्हाला सांगितलं. ती सहा वर्षं माझ्या हाताखाली आहे, भीड ठेवत नाही. पिंजरा धुता धुता म्हणाली, "मग या वेळच्या अहवालात शेवटी काय लिहिणार?"

५ ऑक्टोबर
वस्तीवर गेलो. बायकामुलं सकाळीच गेलेली. चुली थंड, कुत्री गप्प.

सेर्गाझीला बाजूला घेऊन खरं ते सगळं सांगितलं. म्हटलं, आज रात्री टेकड्यांपलीकडे निघून जा.

"आणि मेंढ्या?"
"सोडा."
"सरकारच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी लांडग्यांनी पाच नेल्या. माझा भाऊ अजून तुरुंगात आहे. आम्ही आठजण पळालो तर घरच्यांना कोण सोडेल?"

त्याने आपणच मान वाकवली. "बांधा. फार घट्ट नको."

बाकीचे रांगेत उभे राहिले. मी एकेकाच्या गळ्यात डबी बांधत गेलो. रांगेत मागून कुणीतरी हळूच "ब्यँ" केलं आणि सगळे हसले. मला बरं वाटावं म्हणून हसले, असं मला वाटतं.

निघताना सेर्गाझीने दारात पाव पुढे धरला. त्यांच्यात पावाचा घास तोंडात टाकल्याशिवाय घरातून कुणी जात नाही. शत्रूसुद्धा नाही. मी "उशीर झालाय" म्हणालो आणि जीपमध्ये बसलो. वळून पाहिलं तर तो पाव हातात घेऊन तसाच उभा.

८ ऑक्टोबर
वारा.

९ ऑक्टोबर
डुकरांचे कोट झाले. अगदी मापात. तोंडात काही घालवत नाही.

११ ऑक्टोबर
उद्या पहाटे. मघाशी जाहीर झालं.

डब्या तपासायच्या म्हणून जीप मागितली. दुदारेवने लगेच दिली, "आता कसे रुळावर आलात," असंही म्हणाला. गाडीत खंदक खणायला फावडी टाकली, पाण्याची बंद पिंपं, ताडपत्री. उजेड दिसला की कुठे शिरायचं, किती वेळ बाहेर यायचं नाही, कुठलं दूध ओतून द्यायचं — एवढं तरी मला येतं. पण ते ऐनवेळी तिथे बसून सांगावं लागतं. क्लाव्हाने पिंपं चढवायला हात लावला. कुठे निघालात हे विचारलं नाही.

वस्तीवर पोचलो. सामान उतरवून ड्रायव्हरला म्हटलं, मला वेळ लागेल, तू परत जा. सेर्गाझी दारात आला. मी म्हणालो, "त्या दिवशीचा घास राहिलाय." त्याने आतून पाव आणला. मी तुकडा मोडून खाल्ला.

जीपची धूळ खाली बसेपर्यंत तो रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फावडी घरामागे घ्या. जमीन तिकडे मऊ आहे."