सुट्टीतली गाडी

सूर्यमाळ,
१७ जून २०२५

चि. हेमंतास,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बाबा जेवतात, पण हाताला धरून पानावर बसवावं लागतं. काल शाळा उघडली. माझ्या वर्गात निम्मीच पोरं, बाकीची पेरणीला.

तुझ्या नकाशाला बक्षीस मिळालं, बरं वाटलं. सगळ्यांना खुलं असलेलं वेळापत्रक घेऊन जिल्ह्यातल्या एसटी मोबाईलवर ठिपक्यांसारख्या पळवायच्या, हे काही खायचं काम नाही. आईने तो अख्ख्या पाड्याला दाखवला होता. "माझ्या हेमंतच्या गाड्या," म्हणायची.

तुला छापायला पाड्यावरच्या गाडीचा फोटो हवाय. आज गाडी आली. मी मोबाईल वर धरला, पण फोटो काढवला नाही.

आईच्या दहाव्याला तू सगळ्यांसमोर विचारलंस, "ताई, बाळ्याची जीप का सोडलीस?" मी पानं वाढायला उठले. फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून लिहिते.

त्या दिवशी आईच्या छातीत कळा येत होत्या. जीप मोखाड्याला निघालेली. बाळ्या हॉर्न वाजवून दमला, पण आई मोबाईलवरचा तुझा नकाशा सोडून उठेना. "हेमंतची गाडी येतेय, बघ, घाटात आलीय." म्हटलं, "अगं, मे महिना आहे. शाळेला सुट्टी लागली की ही गाडी बंद असते, विसरलीस का?" तर म्हणे, "पोराने चालू केली असेल. मास्तरीण झालीस तरी तुला काय समजत नाय." आणि हेमंत, मलाही ते खरं वाटलं.

जीप गेली. ठिपका वळणं घेत वर आला, आमच्यापाशी थांबला आणि परत फिरला. रस्त्यावर काहीच नव्हतं. आईने मोबाईल पालथा घातला. "हेमंतला नको सांगू हां. जीव जाईल त्याचा."

मग तिला झोळीत घालून दवाखान्याकडे नेलं. मोखाडा आलंच नाही.

मी सांगितलंही नसतं रे. पण दिवाळीच्या सुट्टीत गाडी पुन्हा बंद होईल आणि तुझा ठिपका येतच राहील. त्याआधी तो पूस. शेजारची सुकरी तेव्हाच बाळंत होणार आहे. परवा हसत म्हणाली, "मला काय भ्या? हेमंतदादाची गाडी आहे ना!"

आईला दिलेला शब्द मोडून,
तुझी ताई