प्रिंटरचं कारण

चिक्कडपल्ली, रविवार, संध्याकाळ

दादाला जाऊन आज दहा दिवस झाले. तारनाक्याला त्याच्या घरी गेलो तर वहिनींनी त्याची वही हातात दिली.

दादाने घरी एकट्याने बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम एके काळी परदेशातली माणसंही आपल्या कॉम्प्युटरवर चालवत. मग एकेक जण सोडत गेला. शेवटी मीही सोडली. तोंडावर सांगवेना, म्हणून म्हणालो, "तुझ्या सिस्टीमवर माझा प्रिंटर चालत नाही रे."

"हौ, बघतो की," म्हणाला.

"भाऊजी, तुमच्यासारखाच प्रिंटर आणून आजारपणातही त्याच्यापायीच बसायचे," वहिनी म्हणाल्या.

वहीतली शेवटची ओळ: प्रिंटर चालला, सुहासला सांगणे.

माझा प्रिंटर तेव्हाही माळ्यावरच पडलेला होता. दुसरं काही कारण सुचलं नसतं का?

"आता लावून बघाल ना?" वहिनींनी विचारलं.

हो म्हणालो. हेही खोटंच.