आयची खुर्ची

शीळफाटा
१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

काळूदादूस,

आठ दिवसांत चौदा फोन केलेस. मी काय तुझ्या बिल्डरची नोकर लागते? "दाखला आणला का, दाखला आणला का." आय जाऊन सहा महिने झाले. तिच्या फोटोला हार घालायला एकदा इकडे फिरकला नाहीस, आणि तिच्या मरणाच्या कागदासाठी तुझी झोप उडालीय. देवळासमोर एवढी मोठी गाडी उभी करतोस, पण आय आजारी होती तेव्हा ती गाडी तिला न्यायला कधी आली नाही.

नमस्कार राहिला. वयनीला नमस्कार. विकीला आणि नव्या सुनेला आशीर्वाद. आम्ही बरे आहोत.

फोनवर सांगितलं असतं, पण तू स्पीकर लावतोस आणि मागून वयनी बोलते. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेली बाई आहे, चुका काढू नको. एकटा वाच.

दाखला निघालेला नाही. ऑफिसात गर्दी आहे, साहेब रजेवर आहे, कॉम्प्युटर बंद आहे, हे जे मी तुला सांगत होते ते सगळं खोटं. मी तिकडे गेलेच नाही. डॉक्टरने लिहून दिलेला कागद माझ्याकडेच आहे, पिठाच्या डब्याखाली.

आय कागदावर जिवंत आहे. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला जाते.

पहिल्यापासून सांगते.

बारावं झालं आणि मी तिची फाईल परत द्यायला हॉस्पिटलात गेलेले. तिथे काचेवर कागद चिकटवलेला. सरकारकडून योजनेचे पैसे आलेले नाहीत, नवीन पेशंट घेणार नाही, जुने चालू राहतील. काउंटरवर पोरगीही नवीनच, ऋजुता नावाची. आधीच्या पोरीला पगार मिळेना म्हणून ती सोडून गेली. या नवीन पोरीसमोर एक म्हातारी उभी होती. गोदूबाई. शहापूरच्या पलीकडची, एकटीच आलेली. तिकडचं केंद्र बंद पडलं म्हणून कोणीतरी हिला इकडे धाडलेलं. हातावर सुयांच्या गाठी, तोंड सुजलेलं. पोरगी सांगत होती, "आजी, तुम्ही आमच्याकडे नवीन. नवीन बंद आहे. मी काय करू?"

मी म्हटलं, "अगं, आमची एक खुर्ची रिकामी झालीय, हिला दे."

तर म्हणते, "मावशी, तसं नाही होत. पेशंट गेला की त्याची खुर्ची बंद. तिजोरीत पैसे नाहीत, वरून ऑर्डर आहे."

माणूस मेलं तर खुर्ची पण मारायची? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "कोण गेलं? ही काय आमची आय. बायजा. दहा-बारा दिवस गावाला होती. फाईल बघ."

गुन्हा आहे, मला कळतं. पण मी फक्त तोंडाने बोलले. आधारच्या मशीनवर हिचा अंगठा लागणार नाही आणि आम्हाला हाकलतील, हे मला माहीत होतं. आयचा स्वतःचा अंगठा कधी लागला का सांग! चाळीस वर्षं मिठागरात घासलेले हात, बोटांवर रेघ उरलेली नव्हती. दर खेपेला पाच-सहा वेळा दाबायचं, मग फोटो काढायचा, मग वरच्या साहेबाला फोन लावायचा.

गोदूबाईने अंगठा ठेवला. पहिल्या खेपेला हिरवा दिवा लागला. वर नाव आलं, बायजा देवराम, आपल्या बाबाच्या नावासकट.

मी तिथेच उभी राहिले. पोरगी म्हणाली, "जा आजी, सात नंबर." ती गेली. कोणाला न विचारता, सरळ सात नंबरवर, आयच्या खुर्चीवर.

पहिले दोन महिने मी मनाला सांगितलं, मशीन आहे, चुकलं असेल. म्हातारीला राहायला जागा नव्हती म्हणून घरी आणली. आयच्या खाटेवर झोपते. एकदा मी आमटी उकळत ठेवलेली, ही आली, त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "अजून दोन दिवस."

दादूस, आठव. मिठागरात आय असंच पाणी चाखायची आणि मीठ कधी धरेल ते सांगायची. हीच बाई मला म्हणालेली की तिने जन्मात मिठागर बघितलं नाही, खाडीसुद्धा नाही.

आता गोदूबाई म्हणून हाक मारली तर मान वळत नाही. तीनदा मारली, चारदा मारली. आय म्हटलं की लगेच, "काय गं?" गाव विचारलं तर आपलं कोलशेत सांगते. चेहरा तिचाच आहे, आयचा नाही. पण बोलायला लागली की मी चेहऱ्याकडे बघायचं टाळते.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी कागद घेतला.

विकीच्या हळदीचा दिवस सोमवार होता. आयचा वार. मी तुला सांगितलं, तिला मशीनवर सोडून संध्याकाळी येते. तू म्हणालास, आत्याशिवाय हळद लागत नाही, सकाळपासून पाहिजेस. आणि म्हणालास, "एक दिवस मशीन चुकलं म्हणून कोण मरत नाही." स्पीकर माझ्याकडेही चालू होता. आयने ऐकलं. भिंतीकडे तोंड करून झोपली. मी हिरवा शालू नेसून आले आणि नाचले. गुरुवारी पहाटे ती गेली.

हे मी कोणाला सांगितलं नाही. घरात नवऱ्याला नाही, डॉक्टरला नाही. तू पण सांगितलं नसशील.

आता गेल्या गुरुवारी मी ह्या म्हातारीला हॉस्पिटलातून आणली. पाय चेपत होते. डोळे मिटून पडलेली. एकदम म्हणाली, "शांते, त्या सोमवारी मला नेलं नाहीस."

मी म्हटलं, "कुठल्या सोमवारी?"

म्हणाली, "काळू म्हणाला ना, एक दिवस मशीन चुकलं म्हणून कोण मरत नाही. बरोबर आहे त्याचं. मी कुठे मेले?"

रागाने नाही म्हणाली. हसत म्हणाली. त्याचीच भीती वाटते.

कागद मी ऑफिसात दिला की आयच्या जमिनीवर तुझी वारसनोंद होईल आणि सात नंबर त्याच दिवशी बंद. आठ-दहा दिवसांत ही बाई मरेल. कोणीही असो, मरेल. एकदा मी शालू नेसून गेले. दुसऱ्यांदा तेच काम एकटीने करणार नाही.

सोमवारी सकाळी नऊला हॉस्पिटलात ये. तिच्यासमोर बस. तिच्या तोंडाकडे बघून सांग की ही आपली आय नाही. सांगितलंस तर कागद तिथल्या तिथे तुझ्या हातात देते. हक्कसोडीवर सही पण देते, मला एक गुंठा नको. नाही सांगता आलं, तर काचेवरचा तो कागद काढून नवीन पेशंट घेईपर्यंत तुझा बिल्डर थांबेल.

येतोस की नाही, ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळव. नाही कळवलंस, तर सोमवारी मशीनवरून उठली की तिला घेऊन मीच कोलशेतला येते. काळूचं घर बघायचंय म्हणते, आणि वाट मला विचारलेली नाही.

तुझ्या पाठची,
शांता