खिडकीतला भाचा

ता. ३ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. ही अक्षरं तूच पाठ करून घेतली होतीस. सगळ्यांचा अर्थ मला अजून येत नाही, पण नमस्कार पक्का आहे.

आधी सांग, तू धडधाकट आहेस ना? फोन लावला की एक बाई म्हणते, बंद आहे. तीच बाई, तोच सूर. चार दिवसांनी मी तिलाच तब्येत विचारणार. सातवीत शाळा सुटल्यापासून पेन हातात धरलं ते फक्त सही ठोकायला. तरी पत्र लिहायला बसलोय, म्हणजे किती घाबरलोय ते समज.

माझं बरं चाललंय. सामान हलवायच्या ट्रकवरच आहे. लोक घर बदलतात, आम्ही त्यांची कपाटं एका जिन्यावरून उतरवतो आणि दुसऱ्या जिन्यावर चढवतो. परवा एका साहेबांचा फ्रीज जिन्यात मावेना. मी पाइपला धरून खिडकीपाशी चढलो, दोर बांधला आणि बाहेरून सोडला. साहेब खाली उभं राहून अक्कल शिकवत होते. वरून मी एवढंच म्हटलं की दोर तुटला तर फ्रीज पहिला तुमच्याच गळ्यात पडेल. मग शिकवणी बंद झाली.

मुकादम म्हणतो, पुढच्या महिन्यात ट्रक चालवायला देतो. लायसन्स काढलं तेव्हापासून त्याचा पुढचा महिना काही उजाडत नाही.

फोन चालू कर. नाहीतर निदान रागव, म्हणजे कळेल.

तुझा,
भिंगरी


ता. १० एप्रिल

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद.

धडधाकट आहे. तुला उशिरा का होईना पण काळजी वाटली, हे वाचून शिवणाच्या मशीनवर दोन टाके जास्तच पडले.

फोन बटणांच्या डब्यात आहे. त्याचं असं झालं, सुट्ट्या लागल्या आणि अर्धी गल्ली कुलपं लावून बाहेरगावी गेली. तेव्हा चौकीत नव्यानं आलेल्या हवालदारांनी उरलेल्यांना जमवून भाषण दिलं. सुट्टीत चोरांचा हंगाम असतो म्हणाले. प्रवासाला निघाल्याचा डांगोरा पिटू नका, दाराबाहेर पेपर साचू देऊ नका, रिकाम्या घरात एक दिवा चालू ठेवा, अनोळखी फोनवर बोलू नका. आता कोण ओळखीचं आणि कोण अनोळखी हे चष्मा लावून बघत बसण्यापेक्षा मी फोनच बंद करून टाकला. पुढे म्हणाले की दारात पोलीस जरी आला तरी आधी ओळखपत्र मागा, मगच कडी काढा. भाषण चांगलं होतं, फक्त ते करताना त्यांची सायकल बिनकुलपाची उभी होती.

कुंडीखालची किल्लीही काढायला लावली. चोर म्हणे पहिल्यांदा तिथेच बघतो. तू गेल्यापासून ती तिथे होती. उचलली तर खाली मातीत तिचा ठसा उमटलेला.

शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, एकट्या बाईनं घरात पुरुष माणूस आहे असं भासवावं. आता या वयात मी पुरुष कुठून आणू? मग शिवणाच्या पुतळ्याला तुझा निळ्या चौकड्यांचा शर्ट चढवला आणि पडद्याआड, बाहेरून अर्धा दिसेल असा माडीवरच्या खिडकीत उभा केला. वर तुझी टोपी काठीला अडकवली. त्याला डोकं नाही, पण त्यानं तुझ्यात आणि त्याच्यात फारसा फरक पडत नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आत्या


ता. १८ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

पत्र ट्रकवर मोठ्यानं वाचलं. ड्रायव्हरला हसून ठसका लागला आणि मुकादम मला आता पुतळ्या म्हणतो. केलंस भलं.

हवालदारांना माझ्याकडून सांग, किल्ली कुंडीखाली ठेवू नका म्हटलं की लोक ती पायपुसण्याखाली ठेवतात. आम्ही घरं उचलतो, आम्हाला माहीत. दागिने तांदळाच्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात ‘मीठ’. एका आजोबांनी तर चोराला फसवायला एवढं जपून ठेवलं होतं की त्यांनाच सापडेना. सगळं घर आम्ही ट्रकमध्ये भरलं तरी ते रिकाम्या खोलीत भिंतीला टकटक करत उभे.

पण माझा आवडता शर्ट त्या ठोंब्याला? मला इथे दोन शर्टांवर दिवस काढावे लागतात, आणि तो खिडकीत उभा राहून माझी हवा खातोय. त्याला म्हणावं, कॉलर मळवू नकोस.

लोभ आहेच, पण आधी शर्टाकडे बघ.

तुझा खरा भाचा,
भिंगरी


ता. २५ एप्रिल

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शर्टानं गल्ली जिंकली आहे.

कोपऱ्यावर नवी बेकरी निघाली, ती चालवणाऱ्या बाईंनी तुला कधी पाहिलेलं नाही. त्यांनी मला विचारलं की खिडकीत कोण असतं. मी भाषणाला जागून म्हटलं, भाचा आला आहे, बरं नाही त्याला. झालं. आता रोज गरम पाव येतो त्याच्या नावानं, आणि तो मला खावा लागतो. बाई म्हणतात, काय गुणी मुलगा, ना नाक्यावर उभा राहतो, ना शिट्ट्या मारतो, ना उलटून बोलतो. हवालदार गस्तीवर येताजाता त्याला हात करतात. तो उत्तर देत नाही म्हणून थोडा शिष्ट आहे असं त्यांचं मत पडलं, पण घराण्याकडे बघून ते सोडून देतात.

मशीनवर बसले की मी त्याच्याशी बोलते. घरातून बोलण्याचा आवाज यायला हवा, असं भाषणात होतं म्हणून. दुसरं काही नाही. ऐकून घेतो बिचारा. तुझ्यासारखा अर्ध्या वाक्यात चपला शोधत नाही.

आता खरी गोम ऐक. बेकरीनं पाव पोचवायची गाडी घेतली आहे आणि तिला ड्रायव्हर हवा आहे. बाई म्हणाल्या, तुमचा भाचा बरा झाला की त्याला पाठवा, एवढा शांत मुलगा मला कुठे मिळणार. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ताप अजून उतरत नाही म्हणून सांगितलं. पण तापानं तरी किती दिवस चढायचं? तेव्हा विचार कर. मी आग्रह करत नाही.

तुझी,
आत्या


ता. २ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या नावानं पाव खातेस, माझ्या नावानं ताप काढतेस, आता माझ्या नावानं नोकरी लावतेस. मी तिथे असताना हीच गल्ली मला बघून सायकली आत घ्यायची. आता एका शर्टाची एवढी किंमत?

हसू नकोस, पण मला त्याचा राग येतो. मी घरी आलो तर लोक म्हणणार, आजारी होता तेव्हा बरा होता. मी बोलतो, मी शिट्टी मारतो, मला खिडकीत उभं राहवत नाही. माझा पाय एका जागी टिकत नाही हे तुझ्याएवढं कुणाला माहीत आहे? गाडी चालवायला मिळेल हे खरं. गाडी फिरते हेही खरं. पण ती रोज त्याच गल्लीत परत येते, त्याचं काय?

इकडे मुकादम परत म्हणाला, पुढच्या महिन्यात नक्की. माझ्या वतीनं शब्द देऊ नकोस. बघतो.

लोभ असू दे, वाटणी करू नकोस.

तुझा,
भिंगरी


ता. ९ मे

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

बाईंना पुढच्या सोमवारपर्यंत माणूस समोर उभा हवा आहे. नाही आला तर त्या दुसरा बघतील. त्यांचंही बरोबर आहे, पाव काही ताप उतरायची वाट बघत नाही.

तुझं ‘बघतो’ मला लहानपणापासून पाठ आहे. सोमवारी पुतळ्याचा शर्ट काढीन आणि सांगीन, भाचा पुन्हा गेला. हे वाक्य मला सवयीचं आहे, अडखळायला होणार नाही.

शर्ट धुऊन पाठवते. पत्ता तोच ना?

आत्या


ता. १५ मे, पोलीस चौकी

ती. आत्यास,
शि. सा. न.

पत्ता बदलला. वर बघ.

मी आलोय. मुकादमाला म्हटलं, तुझा पुढचा महिना तूच चालव. दुपारी गल्लीत पोचलो, तर तुझं दार बंद. मशीन एवढी खडखडत होती की तुला कडी ऐकू गेली नाही. कुंडी उचलली, तर किल्लीच्या जागी नुसती माती. मग खिडकीत बघितलं, तर तो ठोंब्या माझा शर्ट घालून माझ्याच तोऱ्यात उभा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आधी याला खिडकीतून खाली ओढतो, मग तुझ्या पाया पडतो. चढलो पाइपला धरून.

निम्म्यात होतो तेव्हा खालून कुणीतरी माझा पाय धरला. त्या तुझ्या बेकरीवाल्या बाई. सुटता सुटेना, पीठ मळून मळून हात कसले झालेत त्यांचे. उरलीसुरली गल्ली गोळा झाली, पण मला ओळखणारे नेमके बाहेरगावी. बाई ओरडत होत्या की आत आजारी पोरगा उभा आहे, भीतीनं हलतसुद्धा नाही बिचारा.

हवालदारांना सांगितलं, मीच तो भाचा. ते म्हणाले, भाच्याला मी रोज बघतो, तो तुझ्यासारखा बडबड्या नाही. मग तुला न्यायला ते दारावर आले, तर तू कडी न काढता ओळखपत्र मागितलंस. ते त्यांच्या दुसऱ्या शर्टात राहिलंय. ते परत येऊन डोक्याला हात लावून बसलेत. गल्लीत भाषण खरोखर ऐकलेली तू एकटीच निघालीस.

दाराखालून हा कागद सरकवतील. ये आणि सोडव. तू आलीस की ते मला सोडतात, नाहीतर मोठ्या ठाण्यावर पाठवतात. मग सोमवारी बाईंसमोर कोण उभं राहणार?

भिंगरी


ता. १५ मे, दाराच्या आतून

जो कोणी असेल त्यास,

मशीन चालू असताना बाहेर आरडाओरडा ऐकला. भाषणात सांगितल्याप्रमाणे मी बाहेर डोकावले नाही. माझा भाचा दूर गावी ट्रकवर असतो आणि त्याला ‘बघतो’ म्हणायची सवय आहे. येतो असं तो कधी लिहीत नाही, म्हणून तो आला यावर विश्वास ठेवणं मला जड जातं. त्याला लिहिलेली पत्रं ट्रकवर मोठ्यानं वाचली जातात, तेव्हा आमच्या घरातलं कुणालाही माहीत असू शकतं.

तू खरा असशील तर एक सांग. घर सोडून गेलास त्या सकाळी मी काय करत होते? ते मी कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही.


ता. १५ मे, चौकी

आत्या,

तू झोपली होतीस, असं मी सगळ्यांना सांगतो.

भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, पांघरूण डोक्यावरून. पण खाली तुझा पाय बाहेर होता आणि तो हवेतच मशीनचं पायडल मारत होता. झोपलेल्या माणसाचा पाय मशीन चालवत नाही. मी पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहिलो. तू वळली असतीस तर मी गेलो नसतो. तू वळली नाहीस. पाय मात्र जोरात चालायला लागला.

तुझा,
मी


ता. १५ मे, घर

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद.

तो पाय कुणाला सांगू नकोस.

हवालदारांबरोबर येऊन तुला ओळखलं असतं, पण डोळ्यात काहीतरी गेलं आहे आणि अशा तोंडानं मी गल्लीतून जाणार नाही. हा कागदच ओळख समजावी, असं त्यांना दाराआडून सांगितलं. दारात कुणी रडत असेल तर काय करावं ते भाषणात नव्हतं, म्हणून त्यांनी घाईघाईनं मान्य केलं.

बाईंना बोलावून खरं काय ते सांगितलं. पुतळा दाखवला. आधी त्यांनी आपल्या पावांचा हिशेब बोटांवर केला, मग इतक्या हसल्या की खुर्चीवर बसवावं लागलं. मी विचारलं, नोकरी कुणाची? म्हणाल्या, पाय ज्याला आहेत त्याची. तुझा पाय त्यांनी स्वतः धरून पाहिला आहे, क्लचला चांगला आहे म्हणतात. बोलणं मात्र थोडं कमी कर, त्यांची सवय बिघडली आहे.

शर्ट उतरवून इस्त्री केला आहे. तोंड धुवायला आत गेले तर कडी परत ऐकू यायची नाही, म्हणून किल्ली कुंडीखाली ठेवते आहे. हवालदारांनी हे वाचलंच असेल तर त्यांनी पाच मिनिटं आपल्या सायकलीकडे बघत उभं राहावं.

लोभ असावा वगैरे आता लिहीत नाही. घरी ये.

तुझी,
आत्या