सावली सगळ्यात शेवटी

२ नोव्हेंबर
आले एकदाची मास्तरांच्या घरी राहून शिकायला! खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकी उत्तरेला, दिवसभर एकसारखा उजेड. मास्तर म्हणाले, चित्र शिकायला असाच उजेड लागतो. मला काय, मी वीस वर्षं दादाच्या स्टेशनरीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली काढली. जगाच्या पोरांना पेन्सिली विकल्या, एचबी कुठली आणि फोर-बी कुठली ते नुसती रेघ ओढून सांगेन, पण स्वतः साधं वांगं कधी काढलं नाही. निघताना दादा म्हणाला, चाळिशी उलटल्यावर कसली चित्रकला, पंधरा दिवसांत परत येशील, आणि आलीस तर मी काही विचारणार नाही. ते ‘विचारणार नाही’ फार झोंबलं. आता येतेय का मी परत!

मास्तरांनी आल्या आल्या माझं खोडरबर काढून घेतलं. इथे खोडायचं नाही म्हणे, चुकलं तर चुकीसकट पुढे जायचं. दिलं. पर्सच्या चोरकप्प्यात दुसरं आहे, दुकानदाराची बहीण आहे मी.

५ नोव्हेंबर
स्थिरचित्र. टेबलावर चादरीचा तुकडा, त्यावर एक नासपती. तीन दिवस तेच एक फळ. आधी बाहेरची रेघ, मग उजेडाची बाजू, मग अंधाराची. वस्तू टेबलाला टेकते तिथली सावली मात्र सगळ्यात शेवटी, आणि तीही मास्तरांनी मान डोलावल्यावरच. त्याशिवाय वस्तू हवेत तरंगते, असं ते म्हणाले, आणि खरंच तरंगत होती. सावली टाकली आणि फळ कागदावर जे बसलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग भूक लागली म्हणून ते फळच खाल्लं. तोंडात खडू आल्यासारखं झालं. बाजारात हल्ली काहीही विकतात.

११ नोव्हेंबर
आता शरीर. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे नमुने आहेत: कान, गुडघे, हात, पावलांची एक जोडी. काम अफलातून. एका हाताच्या तर्जनीवर सुई टोचल्याच्या बारीक खुणा आहेत, एका दंडावर देवीचा व्रण. पावलांच्या अंगठ्याचं नख ठेच लागून काळवंडल्यासारखं. इतकं बारीक कोण कोरतं, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, कोरावं लागत नाही, नीट बघावं लागतं.

मास्तरीणबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असतात, मांडीवरून खाली शाल. मला बघून हसतात. उठत कधीच नाहीत.

१६ नोव्हेंबर
पंधरा दिवसांच्या नाकावर टिच्चून मी इथेच आहे. दादाला फोन करून सांगितलं. तो बरं म्हणाला.

मास्तर सध्या माझा डावा हात काढतात, मी त्यांचा चेहरा. एकमेकांसमोर बसून शिकायची ही त्यांची पद्धत. चेहरा छान जमलाय, पण हनुवटीखालची सावली टाकू देत नाहीत. मी विचारलं की चिडतात. कागद माझ्याच टेबलाच्या खणात आहे.

१९ नोव्हेंबर
मास्तरांचं चित्र पुरं झालं. त्यांनी सावली टाकली तेव्हा मनगटापाशी थंड वाटलं. सकाळी चहाचा कप डाव्या हातातून निसटला. हात पांढरा पडलाय. टाचणी टोचून पाहिली. काहीच नाही.

२० नोव्हेंबर
मास्तर अंघोळीला गेले होते. मास्तरीणबाईंनी खुणेने बोलावलं आणि शाल वर केली. घोट्यांच्या खाली काही नाही. फळीवरची पावलं त्यांची आहेत. त्या म्हणाल्या, “आधी बधिर होतं गं. मग एक दिवस सकाळी फळीवर दिसतं. तू जा, तुला अजून पाय आहेत.”

दार उघडंच असतं. कडीसुद्धा नाही. पण गेले तरी हात एक दिवस या फळीवर येणारच. तो इथे ठेवून जाऊ? दादासमोर एका हाताने उभी राहू, आणि तो काही विचारणार नाही? नाही जायचं. आणि या बाईंना कोणाच्या भरवशावर सोडायचं?

भीती वाटते. वाटू दे.

२१ नोव्हेंबर
खोडरबर! मूर्ख आहे मी, इतके दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. मास्तर बाजारात गेल्यावर त्यांच्या फाइलमधून माझ्या हाताचं चित्र बाहेर काढलं आणि मनगटाखालची सावली घासली. हळूहळू, कागद फाटू न देता. बोटांना मुंग्या आल्या. मग दुखायला लागलं. इतकं सुंदर दुखणं मी आयुष्यात अनुभवलं नाही.

त्याच फाइलमधल्या बाईंच्या पावलांच्या चित्रातली सावलीही घासली. शिसं जुनं, कागदात मुरलेलं. तरी त्या रडायला लागल्या, म्हणाल्या, अंगठा ठणकतोय.

२२ नोव्हेंबर
मास्तरांना कळलं. खोडरबर बंबात टाकलं. ओरडले नाहीत. उलट शांतपणे म्हणाले, उजव्या हातासाठी आता मी समोर बसायची गरज नाही, तो त्यांना पाठ झालाय.

खाली पेन्सिलीला टोक करतायत. चाकूचा आवाज येतो —

बाईंना मी खांद्यावर घेऊन जाऊ शकते, पण उजवा गेला तर —

नंतर
खाली कागदावर घासल्याचा आवाज. उजेडाची बाजू झाली असणार. आता अंधाराची.

करंगळी गार.

मधलं बोट —

अक्षर हलतंय. पेन सुट

नंतर
डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर घाण आहे. असू दे. मास्तर डावा विसरले. त्यांच्या मते तो बिनकामाचा.

उजवा पांढरा पडलाय. फळीवर जायच्या आत —

खण उघडला. मास्तरांचा चेहरा. तोच, मी काढलेला. हनुवटीखाली कोरा.

फोर-बी घेतली. घाणेरडी रेघ येते. चुकली तर चुकीसकट पुढे. त्यांनीच शिकवलंय.

मास्तरांची पावलं जिन्यावर वाजतायत. दादा, मी परत येणार नाही असं नाही, पण हरून नाही. आणि तू विचारायचंस, सगळं विचारायचंस —

दार ढकलतायत. मान डोलवा मास्तर, किंवा नका डोलवू. मी सावली टाक