कोणाचे कोट विकायचे

वॉरन क्रॉसिंग, मोंटाना
३ सप्टेंबर २०१४

चि. सिग्ने हिस,
थोराआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्राचं कारण एकच आहे. ते आधी सांगते, बाकीच्या बातम्या मागून. तू नोकरी करतेस त्या ग्रेटार्न कंपनीचे सगळे कोट मी काल दुकानाच्या भिंतीवरून उतरवले आणि खोक्यांत भरले.

आमच्या शिकारमंडळाच्या बैठकीत लेस्टर फॉइटने एक कागद वाचून दाखवला. डोंगरसिंहांची शिकार कायमची बंद करा म्हणून कोर्टात गेलेली एक संस्था आहे. तिच्या देणगीदारांत तिसरं नाव तुमच्या कंपनीचं आहे. अकरा वर्षं मी तुमचे कोट विकले. पाऊस आत येत नाही, शिवण उसवत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या खोऱ्यात ते कोट घेणारे निम्मे लोक शिकारी आहेत आणि त्यांच्या परवान्यांच्या पैशांवर इथली रानं राखली जातात. त्यांनाच कोट विकायचे आणि त्यांच्याच विरुद्धच्या खटल्याला पैसे द्यायचे, हे मला समजत नाही.

दुकानाच्या दारावर माझी यादी असते, ती तू पाहिली आहेस. कोणती कंपनी शिकारीच्या आणि रानाच्या बाजूने, कोणती नाही. लोक ती वाचून मगच आत येतात. ग्रेटार्नवर मी काट मारली आहे. ही बातमी खरी की खोटी, ते मला लेखी कळव. तुमच्या विक्रेत्याला विचारलं तर तो नुसता हसला. हसू मला चालत नाही.

भिंतीवरची जागा ब्रोकनटाइन कंपनीच्या कोटांना दिली; त्यांच्या टोप्या मी आधीपासून विकतेच. त्यांच्या मालकाने मंडळाच्या जेवणात सोडतीला दोन रायफली दिल्या आणि भाषणही बरं केलं.

तुझ्या बाबांचं खुब्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं आहे. आधी कर म्हटलं, तर म्हणाला की शिकारीचा हंगाम सोडून मी कापून घ्यायला झोपणार नाही. त्याला आता चढ चढवत नाही. एक क्योसबाईंचं रान तेवढं उरलं आहे, तिथली गवताची सपाट वाट थेट झाडांपर्यंत जाते. फाटकावरच्या पेटीत चिठ्ठीवर नाव लिहून टाकायचं आणि आत जायचं, इतकंच. तुझी आई गेल्यापासून त्याचं मन लागतं ते वर्षातल्या त्या पाच आठवड्यांत. बाकीचं वर्ष तो तिथे मारलेल्या एल्कचं, त्या थोरल्या हरणाचं, मांस खातो आणि पुढच्याची वाट बघतो.

उत्तर सरळ दे. लोभ माझ्याकडून कमी झालेला नाही, कोटांवरचा तेवढा झाला आहे.

तुझी आत्या,
थोरा ब्रेक्के


सिएटल
१२ सप्टेंबर २०१४

ती. थोराआत्यास,
सिग्नेचा शि. सा. न. वि. वि.

बातमी खरी आहे. तू सरळ मागितलंस म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं.

देणगी ठरली तेव्हा मी बैठकीत होते. मी विरोध केला. माझे वडील शिकारी आहेत असं मी म्हणाले, तेव्हा टेबलाभोवतीच्या लोकांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की जणू बाबा तुरुंगात आहेत.

पण दुसरी अर्धी गोष्टही ऐक. याच कंपनीने दोन वर्षांपूर्वी तुमच्याच जिल्ह्यात एका ओढ्याकाठची जमीन घेऊन राखायला देऊन टाकली. एल्कांची हिवाळी चराई आहे ती, नाहीतर तिथे बंगले उठले असते. तिथे शिकार चालू आहे, करारातच तसं आहे. याबद्दल कंपनी कुठे अवाक्षर काढत नाही, कारण शहरातल्या गिऱ्हाइकांना ते रुचणार नाही. आम्हालाही बोलायची मनाई आहे, म्हणून जागेचं नाव लिहीत नाही. म्हणजे आम्ही वाईट केलेलं सगळ्यांना ठाऊक आणि बरं केलेलं लपवून ठेवलेलं. आमच्याइतका अडाणी धंदा कोणी करत नसेल.

आता एक विचारू? रागावू नकोस, रागावशीलच. आमची तू उलटतपासणी घेतलीस. ब्रोकनटाइनवाल्यांना काय विचारलंस? की दोन रायफली आणि भाषण यांवर परीक्षा संपली?

बाबांना सांग, फाटकापर्यंतही एकट्याने जाऊ नका म्हणावं. मी सांगितलं की ते फोनवर हवामान सुरू करतात.

काट मारलीस तरी माया राहू दे.

तुझी,
सिग्ने


वॉरन क्रॉसिंग
२९ सप्टेंबर

चि. सिग्नेस आशीर्वाद.

मी बरा आहे. इथे दोनदा दहिवर पडलं.

क्योसच्या रानाकडे काल गेलो होतो. फाटकावरची पेटी काढली आहे. चार खिळ्यांची भोकं दिसतात. कुंपणाच्या सगळ्या खांबांना नारिंगी रंग फासलाय. आत पाऊल टाकायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्योसबाई मुलीकडे राहायला गेल्या आणि जमीन विकली. कोणीतरी कंपनी आहे म्हणे, नाव कोणी ऐकलेलं नाही.

तीस वर्षं त्या बाईंनी मला कधी नको म्हटलं नाही. त्यांना दोष नाही. म्हातारपणी माणूस विकणारच.

यंदा घरी बसेन. बीफ मिळतं दुकानात. थोराला सांगू नकोस, ती उगाच पेटेल.

तुझे,
बाबा


वॉरन क्रॉसिंग
८ ऑक्टोबर २०१४

चि. सिग्ने हिस,
अनेक आशीर्वाद.

तू मला सांगितलं नाहीस. लेस्टरने सांगितलं. तुम्हा दोघांचा हिशेब मी नंतर बघेन.

सोमवारी दुकान बंद ठेवून मी जिल्ह्याच्या दस्त-कचेरीत बसले. कॉलेज सोडल्यावर इतकं वाचन केलं नव्हतं. क्योसचं रान ज्या कंपनीने घेतलं तिचं नाव कोणीही ऐकलेलं नाही, पण कराचे कागद ज्या पत्त्यावर जातात तो पत्ता मी ओळखते. त्याच पत्त्यावर मी दर महिन्याला मागणी पाठवते. ब्रोकनटाइनचा पत्ता.

मी मालकाला फोन लावला. आधी त्याच्या कचेरीतली बाई बोलली, मग तो. फार गोड बोलला. म्हणाला की एल्कांना शांतता हवी, गर्दी नको, हेच खरं संवर्धन. मी विचारलं की मग तुम्हीही जाणार नाही का. म्हणाला की थोडे पाहुणे येतील. मी माझ्या भावाचं सांगितलं, अडुसष्टाव्या वर्षी खुबा गेलेला माणूस, दुसरीकडे जाऊ शकत नाही. तर म्हणाला की थोराबाई, आपण शिकारी माणसांनी एकमेकांना धरून राहिलं पाहिजे. मी फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला.

चूक माझी आहे आणि ती मी लिहून मान्य करते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. मी प्रत्येक कंपनीला विचारलं की तुम्ही पैसे कोणाला देता. तुम्ही विकत काय घेता, हे एकालाही विचारलं नाही. त्या माणसाच्या टोप्या मी या गावातल्या निम्म्या डोक्यांवर चढवल्या, आणि गावाला फाटकाबाहेर उभं केलं.

हंगाम पंचवीस तारखेला उघडतो. तुझा बाप खुर्चीत बसून असतो आणि रायफल पुसतो. ती आधीच स्वच्छ आहे.

तुमच्या ओढ्याकाठच्या जमिनीचं नाव मला हवं. तिथे त्याला जाता येईल का ते हवं. आणि ते मी दुकानात जाहीर लिहिणार आहे, तेही आत्ताच सांगून ठेवते. त्याने तुझी नोकरी जाईल का, ते मला माहीत नाही. तू माहीत करून घे आणि मग ठरव. नाही म्हणालीस तर मी समजेन.

काळजी करणारी,
थोराआत्या


सिएटल
१५ ऑक्टोबर २०१४

ती. थोराआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस म्हणून आधी साहेबांकडे गेले, पाठीमागून केलं असं नको. प्रुइटसाहेब म्हणाले की आपल्या दुकानांत लोक मुलंबाळं घेऊन येतात, त्यांना मेलेली जनावरं आठवायला नकोत. मी म्हणाले की तुम्ही आत्ता जेवणात बर्गर खाल्लात. ते म्हणाले की मुद्दा तो नाही. मुद्दा काय ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या तोंडून नाव बाहेर गेलं तर वसंतानंतर माझं टेबल राहणार नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं.

जागा टील क्रीक. साहेबांनी तोंडाचं सांगितलं होतं, हाताचं नाही. तसंही तू ज्या कचेरीत बसलीस तिथेच तो दस्त आहे. साल बारा.

तिथे ओंडके वाहायची एक जुनी गाडीवाट आहे. फाटकाला कुलूप असतं, पण ज्यांना चालवत नाही त्यांना रखवालदार किल्ली देतो, झाडांपर्यंत गाडी जाते. अर्ज सोबत आहे. त्यावर डॉक्टरची सही लागते आणि मांस बाहेर काढू शकेल असा एक धडधाकट सोबती लागतो.

अडचण कायद्याची नाही, बाबांची आहे. मी फोनवर सांगितलं, तर म्हणाले की मी अपंग नाही, सावकाश आहे. तिकडचं तू बघ. मी आयुष्यभर हरत आले आहे.

पाठीशी राहा.

तुझी,
सिग्ने


वॉरन क्रॉसिंग
१० नोव्हेंबर

चि. सिग्नेस आशीर्वाद.

अर्जावर सही केली. थोरा रोज रात्रीचं जेवण घेऊन यायची आणि अर्ज ताटाखाली ठेवायची. सोळा दिवसांत कागदाला इतके डाग पडले की डॉक्टर हसला.

हंगामाचे पंधरा दिवस गेले. किल्ली मिळाली आहे. सोबती म्हणून लेस्टर यायला तयार आहे, पण तो बोलतो. एल्क काय, झाडंही पळून जातील.

तू चौदाव्या वर्षी माझ्याबरोबर रानात चांगली गप्प बसायचीस. एकोणिसाव्या वर्षी शिकार सोडलीस, का ते मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. रायफल तुला धरायला नको. सुट्टीत आलीस तर बरं.

तुझे,
बाबा


वॉरन क्रॉसिंग
३ डिसेंबर २०१४

चि. सिग्ने हिस,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तुझ्या बाबाने टील क्रीकची गोष्ट आतापर्यंत गावात अकरा वेळा सांगितली आहे. पहिल्या दिवशीच्या गोष्टीत तू एल्कची एक तंगडी ओढत आणली होतीस. कालपर्यंत चारी आणल्यास, त्याही उलट्या वाऱ्यात. स्वतःच्या नेमाबद्दल तो काही बोलत नाही, म्हणजे नेम चांगला होता. फ्रीझर भरला आहे. ऑपरेशनची तारीख त्याने स्वतः फोन करून पक्की केली.

दारावरची यादी मी काढून टाकली. बरोबरची खूण आणि काट यांत दोन्ही कंपन्या मावत नाहीत. आता प्रत्येक मालाखाली एक पुठ्ठा लावते, त्यावर मला ठाऊक असलेलं लिहिते. ग्रेटार्नचे उरलेले कोट खोक्यांतून पुन्हा काढले, त्यांच्याखाली दोन ओळी: डोंगरसिंहांच्या शिकारीविरुद्धच्या खटल्याला पैसे दिले, टील क्रीक विकत घेऊन शिकारीला खुलं ठेवलं. ब्रोकनटाइनखालीही दोन: दोन रायफली सोडतीला दिल्या, क्योसचं रान घेऊन फाटक बंद केलं. कोणी काय घालावं ते ज्याचं त्याने बघावं.

ब्रोकनटाइनचा विक्रेता आला आणि पुठ्ठा काढा म्हणाला. यातला कोणता शब्द खोटा आहे ते दाखव म्हटलं. बिचाऱ्याने दोनदा वाचलं आणि माल गाडीत भरला. परवा तुमच्या प्रुइटसाहेबांचंही पत्र आलं, वसंतापासून ग्रेटार्नचा माल येणार नाही. म्हणजे माझी समोरची भिंत रिकामी झाली. लेस्टर म्हणतो की दुकान आता चर्चसारखं दिसतं. मी म्हटलं, मग टोपी काढ.

साहेबांनी पत्रात तुझं नाव घेतलेलं नाही. त्यांना संशय आहे, पुरावा नाही. सुट्टी संपवून सोमवारी तू त्यांच्यासमोर कशी जाशील याचा सल्ला मी देणार नाही. मी आजवर दिलेले सल्ले दारावरून काढून टाकले आहेत.

जाता जाता एक काम. तुझा ग्रेटार्नचा कोट माझ्या मागच्या खोलीत खुंटीवर राहिला. कोपरापर्यंत एल्कचं रक्त वाळलं आहे. तुझा बाबा धुऊन ठेवणार होता, मी धुऊ दिला नाही. आहे तसा आजच्या टपालाने पाठवला आहे. सोमवारच्या आत पोचेल. डाग थंड पाण्याने निघतात. काढायचे की तसाच घालून कचेरीत जायचं, ते तू बघ.

पत्र लिहीत जा. लोभ आहे, तो मागावा लागत नाही.

तुझी आत्या,
थोरा ब्रेक्के