नुसतं आस्लाक

तीर्थस्वरूप बोर्गहिल्ड आत्यास साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला अंगणात जागा नाही, बर्फ दाराशी आलंय.) तुझा गुडघा काय म्हणतो? तू पाठवलेलं तपकिरी चीज पोचलं. मी ठीक आहे, म्हणजे परवापर्यंत होतो.

आजोबा वारल्यापासून बंद असलेल्या त्यांच्या घरात रोज सकाळी दिवे लागतात, असं शेजारणीने तुला कळवलं आणि "बाबा परतलेत" म्हणून तू घर विकायचं थांबवलंस. आत्या, ते बाबा नव्हेत, माझा प्रोग्रॅम आहे. गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरचे (आणि हौसेने माझ्याही) दिवे, हीटर, कुलपं तोच सांभाळतो. तो ज्या भाषेत लिहिलाय तिच्यात एक सोय आहे. नुसती वस्तू सांगायची. तिचं काय हवंय ते सांगितलं नाही, तर यंत्र ठरवून दिलेली गोष्ट आपणहून उचलतं. माणसासाठी मी 'नाव' ठरवून ठेवलं होतं. लिहायला कमी, वाचायला गोड. तोटा एवढाच, की 'हा माणूस तोच का?' विचारलं तर यंत्र फक्त नावं ताडून बघतं. आणि आपल्याकडे नातवाला आजोबांचंच नाव! मी इकडे उठलो की तिकडे त्यांचे दिवे. कचेरीतली इडुन म्हणाली, "आळशा, एक शब्द जास्त लिहिला असतास तर बोटं झिजली असती का तुझी?" पण गाव तरी दुसरं काय करतं? नुसतं 'आस्लाक' म्हटलं की आजोबा. मी जन्मभर 'आस्लाकचा आस्लाक'. ते गेले तरीही.

परवा मी चूक दुरुस्त केली. आता यंत्र नाव नाही, ज्याचा त्याचा वेगळा असतो तो सरकारी जन्मक्रमांक बघतं. म्हणजे काल आजोबांचं घर अंधारात राहायला हवं होतं. ते उजळलं. माझं मात्र थंडगार पडलं, आणि बाहेर पाऊल टाकलं तसं कुलूप मला ओळखेना. इडुनने सगळं तपासलं. प्रोग्रॅम चोख आहे म्हणाली, आणि माझ्याकडे जरा विचित्रच बघत राहिली. गारठून मरायची पाळी आली तेव्हा आजोबांच्या दाराशी गेलो. ते लगेच उघडलं. तिथूनच लिहितोय. आत्या, मला भीती वाटते.

तुझा,
आस्लाकचा आस्लाक

ता. क. माझ्या घराची जुनी लोखंडी किल्ली तुझ्याकडे आहे. ती घेऊन पहिल्या बोटीने ये.

आणखी ता. क. अंगणातून हाक मारशील ती पूर्ण मार. आज सकाळी पोस्टमनने नुसतं "आस्लाक!" म्हटलं. मी तोंड उघडायच्या आत मागच्या खोलीतून आवाज आला, "थांब रे, बूट चढवतोय." आणि पोस्टमन सवयीने थांबला.